दुर्बीण थांबू द्या, आधी फुगा आणा

प्रश्न : आम्ही देवगडला राहतो. मुलगी आठवीत आहे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची चित्रं पाहिल्यापासून 'विश्व कसं सुरू झालं' हेच तिच्या डोक्यात आहे. वीस हजारांची दुर्बीण घ्यावी का? यात करिअर आहे का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. वेबचा आरसा साडेसहा मीटरचा, आणि ती टिपते तो अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही; चित्रातले रंग नंतर भरलेले असतात. घरच्या दुर्बिणीत तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग) राखाडी धुक्यासारखा दिसतो आणि मुलं खट्टू होतात. शिवाय खाऱ्या हवेत आरशाचा मुलामा खराब होतो, पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते. 10 बाय 50 ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटरच्या भिंगांची) पुरे. ती सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका.

नोव्हेंबरअखेरीस, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊला खळ्यातला दिवा बंद करून डोक्यावरून जरा उत्तरेला देवयानी (अँड्रोमेडा) आकाशगंगा शोधा. फिकट डाग दिसेल. तो प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. लांबचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं, हे पटलं की वेब कशासाठी पाठवली ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता फुगा, विश्व पसरतं म्हणजे काय ते दाखवायला. अर्धा फुगवून तोंडाला कपड्यांचा चिमटा लावा आणि टिकल्या चिकटवा. स्केचपेनचे ठिपके नकोत, फुग्याबरोबर तेही पसरतात. आकाशगंगा तशा पसरत नाहीत. एका टिकलीपासून 2 आणि 4 सेंटीमीटरवरच्या दोन टिकल्या दोऱ्याने मोजा. फुग्याचा व्यास दुप्पट झाला की ही अंतरं 4 आणि 8 होतात. म्हणजे तेवढ्याच वेळात लांबची टिकली दुप्पट सरकली. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने 1929 मध्ये आकाशगंगांबाबत हेच दाखवलं: जितकी लांब, तितकी वेगाने दूर जाणारी. 'मग मधोमध काय आहे?' असं ती विचारेलच. विश्व म्हणजे फक्त फुग्याचं रबर, आतली हवा हिशेबात नाही, हे आधीच सांगून ठेवा.

करिअर आहे, पण वाट लांबची: बारावीनंतर आयसरसारख्या (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या) संस्थेत पाच वर्षं, मग पीएचडीची साधारण पाच. पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे. दुर्बिणी बांधायला इंजिनिअरही लागतात. दहावीपर्यंत ज्युनिअर सायन्स ऑलिंपियाडची पहिली परीक्षा देऊन पाहू द्या. अकरावीला 'सेफ' म्हणून बायोलॉजी घेऊन गणित सोडलं, तर ही वाट फार अवघड होते.