चालू प्लांटमध्ये कार्ड बदलणं: हे इंजिनिअरचं काम आहे का?

प्रश्न: मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणात चालू प्लांटमध्ये पीएलसीचं (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरचं) ॲनालॉग इनपुट कार्ड बदलताना पाहिलं. दोन तास कागदपत्रं आणि फोनाफोनी, प्रत्यक्ष बदल मिनिटभरात. मला हे काम फार आवडलं. पण सगळे म्हणतात, हार्डवेअर हे टेक्निशियनचं काम, करिअर करायचं तर प्रोग्रामिंगकडे जा. घरच्यांना शॉकची भीती वाटते. मी काय करू?

उत्तर: तू जे दोन तास पाहिलेस ना, नोकरी त्या दोन तासांची आहे. क्लिप दाबून कार्ड ओढणं कुणालाही आठवड्यात शिकवता येतं. त्या कार्डाबरोबर प्लांटमधलं आणखी काय काय जाणार हे आधी सांगता यायला प्रोसेस, वायरिंग आणि प्रोग्राम तिन्ही एकाच डोक्यात असावे लागतात. म्हणून हार्डवेअर की प्रोग्रामिंग, अशी निवड करूच नकोस.

आठ चॅनलचं, म्हणजे आठ सिग्नल आत घेणारं इनपुट कार्ड घे. तिसरं चॅनल बिघडलंय. कार्ड काढलं की उरलेली सात चांगली चॅनलंही जातात. त्यातल्या पाचव्यावर टाकीची लेव्हल आहे आणि तिच्यावर आत येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह ऑटोमध्ये चाललाय असं धर. आकडा शून्यावर आला तर कंट्रोलरला टाकी रिकामी वाटते, तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि टाकी भरून वाहते. मोजलेला आकडा कार्डापर्यंत 4 ते 20 मिलीअँपिअरच्या प्रवाहाने येतो. त्यात 3.6 किंवा त्याहून कमी प्रवाह म्हणजे बिघाड, असं नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेची एनई 43 शिफारस सांगते. कॉन्फिगरेशन नीट केलं असेल तर अशा वेळी कंट्रोल लूप (आकडा बघून व्हॉल्व्ह हलवणारी साखळी) आपोआप मॅन्युअलला, म्हणजे ऑपरेटरच्या हातात जातो. नसेल केलं तर जात नाही. काही सिस्टिममध्ये कार्ड निघाल्यावर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. हे मला शून्यापेक्षा वाईट वाटतं, कारण स्क्रीनवर सगळं ठीक दिसत राहतं आणि ऑपरेटर त्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

आउटपुट कार्डाचा परिणाम थेट व्हॉल्व्हवर होतो. प्रवाह तुटला की स्प्रिंग व्हॉल्व्हला त्याच्या फेल पोझिशनला नेते, कुठला बंद होतो, कुठला उघडतो. शटडाऊनच्या सोलेनॉइडना (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या व्हॉल्व्हना) तर बहुतेक ठिकाणी कायम सप्लाय दिलेला असतो आणि तो गेला की ट्रिप, म्हणजे प्लांट आपोआप बंद. ते कार्ड ओढणं म्हणजे ट्रिपचं बटण दाबणं.

आता मुळात कार्ड चालू स्थितीत काढता येतं का? हे प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक मालिकेचं वेगळं असतं. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्स 1756 मध्ये चालतं, त्याच कंपनीच्या 1769 मालिकेत चालत नाही. सीमेन्सच्या ईटी 200 एसपीत चालतं, एस7-1500 च्या मुख्य रॅकवर सप्लाय बंद करूनच काढायचं. एस7-400 मध्ये काढता येतं, पण प्रोग्राममध्ये ओबी 83 नावाचा ब्लॉक नसेल तर सीपीयू स्टॉपला जातो. कार्ड काढल्याचं कळताच सीपीयू हाच ब्लॉक शोधतो. बघ, हार्डवेअरच्या कामात प्रोग्रामिंग कुठे आलं ते.

हा फरक कनेक्टरपासूनच सुरू होतो. चालू स्थितीत काढता येणाऱ्या कार्डांमध्ये पिना सहसा कमीजास्त लांबीच्या असतात: अर्थची आधी लागते, मग सप्लायची, शेवटी डेटाच्या. काढताना उलटा क्रम. शिवाय नव्या कार्डातले रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखा प्रवाह ओढतात, म्हणून तो रोखणारं सर्किट लागतं. ते नसलेलं कार्ड चालू रॅकमध्ये ढकललं तर बॅकप्लेनचा (सगळी कार्डं जोडणाऱ्या मागच्या पट्टीचा) व्होल्टेज क्षणभर खाली येतो, आणि शेजारची कार्डं किंवा सीपीयूच रीसेट होऊ शकतो. म्हणूनच कार्ड सरळ आणि एका दमात बसवायचं. अर्धवट अडकवून हलवत बसलीस तर पिना लागत-सुटत राहतात आणि ही सगळी योजना वाया जाते. आधी बॅटरीच्या उजेडात कनेक्टर बघ, एखादी पिन वाकलेली असेल तर तिथेच थांब.

त्या दोन तासांत काय चाललं होतं? आधी स्पेअरची तपासणी: पूर्ण कॅटलॉग नंबर, सिरीज, फर्मवेअर, कार्डावरचे स्विच. एस7-300 च्या काही ॲनालॉग इनपुट कार्डांच्या बाजूला रेंजचा छोटा ठोकळा असतो. नव्या कार्डावर तो बी वर, म्हणजे व्होल्टेजवर येतो. टू-वायर ट्रान्समीटरला (मोजलेला आकडा पाठवणाऱ्या उपकरणाला) डी लागतो, फोर-वायरला सी. तो जुन्या कार्डाशी जुळवला नाही, तर कार्ड नवं आणि आकडे चुकीचे. मग ड्रॉइंगवरून सगळ्या चॅनलांची यादी, आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: हे गेलं तर काय होईल. त्यावरून लूप मॅन्युअलला घेणं, इंटरलॉक (धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप थांबवणारी अट) बायपास करणं, लागेल तिथे फील्ड ऑपरेटरला हँडव्हीलपाशी उभं करणं ठरतं. सेफ्टी सिस्टिमचं कार्ड असेल तर बायपासला लेखी मंजुरी हवी आणि तेवढ्या वेळेपुरतं दुसरं संरक्षण कोणतं हेही लिहायला हवं.

यादीत सर्वात जास्त निसटतं ते टर्मिनल ब्लॉकवरचं (बाहेरच्या वायरी जोडायच्या ठोकळ्यावरचं) कॉमन, म्हणजे अनेक सिग्नलांची सामायिक वायर. 24 व्होल्टचं कॉमन पुष्कळदा एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर जोडत नेलेलं असतं. तू एक ब्लॉक उपसतेस आणि भलत्याच कार्डाचे सिग्नल जातात. ड्रॉइंगवर हे नेहमी असतंच असं नाही. पॅनलमध्ये डोकं घालून वायर बोटाने शोधावी लागते.

आणि परत येताना घाई नको. कार्ड लागलं, हिरवा दिवा आला, म्हणजे काम झालं असं नाही. कॉन्फिगरेशन उतरायला काही सेकंद जातात. त्यानंतर एकेक फोर्स (कामापुरता प्रोग्राममध्ये हाताने बसवलेला आकडा) काढायचा, पण काढण्याआधी फोर्स केलेला आकडा आणि खरा आकडा शेजारी ठेवून बघायचे. फोर्स 50 टक्के आणि खरी लेव्हल 72 असेल तर फोर्स काढताच लूपला 22 टक्क्यांचा धक्का बसतो. प्लांट कार्ड ओढताना सांभाळला जातो आणि फोर्स काढताना ट्रिप होतो, हे लक्षात ठेव.

ट्रायकॉनसारख्या तिहेरी सेफ्टी सिस्टिममध्ये पद्धत फार सुंदर आहे. प्रत्येक आय/ओ कार्डाशेजारी स्पेअरची जागा असते. तिथे नवं कार्ड बसवायचं, त्याने काम हाती घेतल्याचा दिवा येईपर्यंत थांबायचं, मगच जुनं काढायचं. घाईत चांगलंच कार्ड ओढू नये म्हणून स्लॉट नंबर दोघांनी मोठ्याने वाचायचा. प्रक्रियेत ही ओळ लिहिलेली नसेल तर तू लिही.

करिअरचं म्हणशील तर मेंटेनन्स, कमिशनिंग (नवा प्लांट तपासून सुरू करणं), सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीची सर्व्हिस आणि पुढे फंक्शनल सेफ्टी, असे रस्ते इथून निघतात. माझा कल विचारलास तर सुरुवात कमिशनिंगपासून कर. तिथे लूप चेकमध्ये शेकडो सिग्नल ट्रान्समीटरपासून स्क्रीनपर्यंत हाताखालून जातात. आयईसी 61131-3 या पीएलसी प्रोग्रामिंगच्या मानकातल्या भाषांपैकी लॅडर आणि फंक्शन ब्लॉक पक्क्या कर, आयईसी 61511 हे प्रोसेस प्लांटच्या सेफ्टी सिस्टिमचं मानक निदान एकदा वाच. सेफ्टीच्या मोठ्या प्रमाणपत्रांना अनुभव लागतो, आत्ता त्यामागे धावू नकोस.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक रॅक, एक इनपुट कार्ड, एक आउटपुट कार्ड, मिलीअँपिअर देणारा कॅलिब्रेटर आणि एक दिवा मिळव. मॅन्युअल परवानगी देत असेल तरच चालू स्थितीत कार्ड काढ आणि नोंद कर: आकडा शून्य झाला की गोठला, फॉल्ट किती सेकंदांनी आला, कार्ड परत लावल्यावर आउटपुट कोणत्या स्थितीत आलं. मुलाखतीला जाताना ही वही बरोबर ने.

राहिला शॉक. घरच्यांना सांग की भीती अगदीच चुकीची नाही. 24 व्होल्टचं फारसं काही नाही, पण रिले आउटपुटच्या टर्मिनलवर 230 व्होल्ट असू शकतात, तेही दुसऱ्याच पॅनलमधून आलेले. रॅकचा सप्लाय बंद केला तरी ते तिथेच असतात. म्हणून फील्डचा, म्हणजे बाहेरच्या उपकरणांकडून येणारा सप्लाय वेगळा तोडून, मीटरने बघूनच ब्लॉकला हात लावायचा. स्थिर विजेपासून कार्ड वाचवणाऱ्या मनगटाच्या अँटिस्टॅटिक पट्ट्यात 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो याचसाठी: चुकून 230 ला हात लागला तरी पट्ट्यातून जेमतेम पाव मिलीअँपिअर वाहतो. दुसऱ्या हाताने अर्थ झालेला पॅनल धरलेला असेल तर मात्र पट्टा काही कामाचा नाही. आणि जिथे ज्वलनशील वायू असू शकतो तिथे वीज चालू असताना कार्ड किंवा ब्लॉक काढताना उडणारी बारीक ठिणगीही पुरेशी होते. त्या जागेची गॅस टेस्ट आणि परमिट हातात नसेल तर "नाही" म्हण, समोर कितीही वरिष्ठ असले तरी.