केबिनमधली झोप हाही ड्युटीचाच भाग

प्रश्न : मी जत तालुक्यातला, वय 23. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. दोन वर्षं टेम्पो चालवला, मग हेवीचं लायसन्स काढलं. तीन महिन्यांपासून न्हावाशेवा ते दिल्लीजवळचं दादरी असा कंटेनरचा ट्रेलर चालवतोय. गाडी चालवायला आवडते, पण केबिनमध्ये झोपच लागत नाही. बर्थ माझ्या उंचीला आखूड पडतो, खालून इंजिनची गरमी, खिडकी उघडली की डास. सकाळी पाठ धरलेली असते. उस्ताद म्हणतात, ‘सवय होईल, झोपेचे लाड करणाऱ्यानं ही लाइन धरू नये.’ घरी सांगायची लाज वाटते. ही लाइन सोडू का?

उत्तर : लगेच सोडू नकोस. आणि लाज तर अजिबात वाटून घेऊ नकोस.

कळंबोलीत एका उभ्या ट्रेलरच्या बर्थवर मी स्वतः आडवा होऊन पाहिलंय. गाडी थांबून तास झाला होता, तरी रेक्झिन गरम होतं. फोम मधोमध बसलेला, त्यामुळे फळीची कड बरोबर कमरेला लागत होती. पाय दाराला टेकलेले, उशाशी पाण्याचा कॅन आणि ताडपत्रीची दोरी. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. अशा जागी झोप लागली नाही, तर त्यात तुझं काय चुकलं?

तुझे उस्ताद अनुभवी असतील, गिअर आणि घाट त्यांच्याकडूनच शीक. पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. अंथरुणाची, आवाजाची, जागेची सवय होते. अपुऱ्या झोपेची होत नाही. बरेच दिवस झोप कमी पडली की शरीर तक्रार करायचं थांबवतं आणि आपण ठीक आहोत असं वाटू लागतं. हात-डोळे मात्र मंदावलेलेच असतात. ताशी 60 च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते, मागे भरलेला कंटेनर घेऊन. म्हणून टायरची हवा बघणं जसं तुझं काम, तसंच नीट झोपणं हेही तुझं काम.

आधी बर्थचं बघू. रद्दीचे कागद चिकटवून बर्थच्या मापाचा साचा काप, कोपऱ्यांसकट. तो गादीवाल्याकडे नेऊन तीनेक इंचांचा घट्ट फोम कापून घे. मऊ नको, मऊ फोम महिन्याभरात बसतो. वर जुन्या सुती साड्यांची वाकळ टाक. रेक्झिनवर उघड्या पाठीनं झोपलास की घामानं झोप मोडणारच. उंचीला आखूड पडतो म्हणतोस, तर कुशीवर गुडघे दुमडून झोप आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये छोटी उशी घे. उताणा झोपलास तर तीच उशी गुडघ्यांखाली सरकव. कमरेवरचा ताण कमी होतो.

गरमीचं कारण साधं आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमध्ये केबिन इंजिनाच्या वरच बसवलेली असते. गाडी बंद केली तरी खालची ऊब बराच वेळ वर येत राहते. म्हणून थांबल्या थांबल्या आडवा होऊ नकोस. आधी दोन्ही दारं उघडी टाक, अंघोळ, जेवण, पाय मोकळे करणं उरकून घे. पहाटे थांबून सकाळी झोपणार असशील तर गाडीचं तोंड पश्चिमेला ठेव, म्हणजे कोवळं ऊन काचेतून आत येणार नाही. काचेला आतून चंदेरी पडदा लाव. ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची असते, तेव्हा पंखा त्याच व्होल्टचा घे. खिडक्यांना वेल्क्रोनं जाळी बसव. जमीन तिरकी असेल तर डोकं चढाच्या बाजूला यायला हवं.

बंद केबिनमध्ये मच्छर अगरबत्ती, शेगडी किंवा स्टोव्ह चालू ठेवून कधीही झोपू नकोस. एसीसाठी बंद जागेत इंजिन चालू ठेवूनही नाही. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. हे वाचून विसरू नकोस.

कुठे थांबतोस त्यावरही झोप ठरते. हायवेच्या कडेला झोपलास की निम्मं लक्ष डिझेल चोरीकडे आणि मागून येणाऱ्या गाडीकडे राहतं. पंपावर थांब, पण गेटपासून लांब, आणि फ्रिजवाल्या कंटेनरच्या शेजारी नको, त्याचं मशीन रात्रभर घरघरतं. 2024 च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी हायवेवर ट्रकचालकांसाठी 1000 विश्रांतिगृहांची योजना जाहीर केली. त्याशिवाय तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ‘अपना घर’ नावानं झोपायची, अंघोळीची, स्वयंपाकाची सोय आहे, तिचं ॲपही आहे. तुझ्या रूटवरची ठिकाणं एकदा शोधून वहीत लिहून ठेव. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये एक रात्र सरळ पलंगावर झोपायला मिळाली, तरी पाठीला फरक जाणवेल.

दोन-दोन तासांचे तुकडे करण्यापेक्षा सलग सहा-सात तासांची एक झोप धरून ठेव. बंदरावरच्या रांगेत ती मोडते हे मला माहीत आहे, पण रस्त्यात तरी मोडू देऊ नकोस. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर आपोआप मंदावतं. डोळे चुरचुरायला लागले की सुरक्षित जागी थांब, चहा घे आणि लगेच वीस मिनिटं पडून घे. चहाचा असर यायला अर्धा तास लागतोच. उठल्यावर मात्र पंधरा मिनिटं खाली उतरून चाल, मग स्टार्टर मार.

राजस्थानच्या बाजूला कुणी ना कुणी डोडा किंवा ‘जागं राहायची गोळी’ देऊ करेल. हात लावू नकोस. डोडा म्हणजे अफूची बोंडं, 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि एकदा लागला की सुटत नाही. हे मी हात जोडून सांगतो.

पाठीसाठी दोन गोष्टी. आधार, लायसन्स, बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या यांनी फुगलेलं पाकीट मागच्या खिशात ठेवून बसत असशील तर आजच काढ, त्यानं कंबर दिवसभर एका बाजूला कलते. आणि केबिनमधून उडी मारू नकोस, तोंड गाडीकडे करून पायरीपायरीनं उतर. थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी पितोस का? मग मुतखड्याला आमंत्रण देतोयस. पायाला मुंग्या येऊ लागल्या तर ट्रिप संपली की डॉक्टरांना दाखव. पायातला जोर गेला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर ट्रिप संपायची वाट बघू नकोस.

आता शेठचा, म्हणजे गाडीमालकाचा प्रश्न. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हे माप ठरवून दिलं होतं. लांब पल्ल्याला परवानगीनं फार तर दहा तास होते. रस्त्यावर काय चालतं ते तू बघतोसच, पण वेळ मागताना तू मेहेरबानी मागत नाहीस एवढं मनात असू दे. 2025 मध्ये साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना एसी केबिनची सक्ती झाली. जुन्या गाड्यांना नाही, म्हणून पुढची नोकरी धरताना पगाराआधी गाडी कोणत्या सालची ते विचार. बर्थ एक की दोन, सोबत दुसरा ड्रायव्हर असतो का, पार्किंगचे पैसे कोण देतं, दादरीला पोचायला किती तास धरलेत, तेही विचार. चालत्या गाडीत झोपायचं असेल तर आणखी विचार कर, ती झोप सगळ्यांना लागत नाही.

मी तुला आणखी तीन ट्रिपांची मुदत देतो. फोम, जाळी, पंखा आणि सलग झोप एवढं करून बघ. वहीत रोज किती तास झोपलास आणि पाठ कशी आहे ते लिही. फरक पडला तर लाइन तुझीच. नाही पडला आणि शेठ वेळ द्यायला तयार नसेल, तर तो शेठ सोड, स्टिअरिंग सोडू नकोस. भिवंडीच्या गोदामांची किंवा चाकणची जवळची भाडी बघ, दुधाचे टँकर बघ. रात्री घरी परतता येतं. काही कंपन्या रिले पद्धतीनं गाड्या चालवतात, म्हणजे ठरावीक टप्प्यावर ड्रायव्हर बदलतो, तिथेही अर्ज कर. एसटीच्या चालकभरतीवर लक्ष ठेव. पैसे थोडे कमी मिळतील, पण हेवीचा तुझा अनुभव वाया जात नाही.

आणि घरी सांग. वाकळ शिवायला जुन्या साड्या आईकडेच मागाव्या लागणार आहेत.