स्टॉकहोमच्या हिवाळ्यात घर उजळायचं, तर आधी भिंती उजळा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ऑगस्टमध्ये पुण्याहून स्टॉकहोमला आलात, घर भाड्याचं, हॉलच्या खिडक्या उत्तरेला, मिसेस घरूनच काम करतात, आणि नोव्हेंबर लागल्यापासून दुपारी तीनलाच घर काळवंडतं. मग हॉलच्या मधोमध ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) एक दणदणीत पांढरा दिवा लावून टाकावा का?

नका लावू. पुण्यात एका ट्यूबलाइटवर भागतं, कारण दिवसभराचं काम सूर्य करून जातो आणि ट्यूबला फक्त संध्याकाळ सांभाळायची असते. इथे दिव्यांना दिवसही सांभाळायचा आहे आणि संध्याकाळही, आणि त्या दोन वेळांना लागणारा उजेड एकसारखा नसतो. शिवाय छताच्या मधोमध लावलेला दिवा जमीन आणि डोकी उजळतो. भिंती आणि कोपरे अंधारेच राहतात. खोली उजळ आहे की नाही हे आपण बहुतेक भिंतींवरूनच ठरवतो. म्हणून दिवा कितीही मोठा घेतलात तरी डोळ्यांवर येईल आणि खोली उदासच वाटेल.

आधी सूर्याचा हिशोब. २१ डिसेंबरच्या सुमारास इथे तो पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर, म्हणजे समोरची चार मजली इमारतसुद्धा त्याला झाकायला पुरते. उत्तरेच्या खिडकीत ऊन येणारच नाही, त्यामुळे आरसे लावा हा सल्ला तुमच्या फारसा कामाचा नाही. (नॉर्वेतल्या रयुकान गावाने २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून चौकात ऊन आणलं खरं, पण तिथे निदान डोंगरमाथ्यावर ऊन असतं.) तुम्ही एवढंच करा: काचा पुसा, पडदे दिवसा काचेवरून पूर्ण बाजूला सारा आणि कामाचं टेबल खिडकीला लावून ठेवा.

आता संध्याकाळ. एका मोठ्या दिव्याऐवजी चार-पाच छोटे घ्या आणि वेगवेगळ्या उंचीवर ठेवा: सोफ्याशेजारी, कपाटावर, कोपऱ्यात जमिनीवर. त्यातले निदान दोन भिंतीकडे तोंड करून. रंग २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर; आकडा वाढला की उजेड पांढरा होत जातो. पाकिटावर वॅट बघू नका, लुमेन बघा, म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो तो आकडा. ४७० लुमेन म्हणजे आपला जुना ४० वॅटचा बल्ब, ८०६ म्हणजे ६० चा, १५२१ म्हणजे १०० चा. कोपऱ्यांना ४७० पुरतो. आणखी एक आकडा असतो, आरए (Ra) नावाचा: त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते १०० पैकी सांगणारा. तो स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर ९० किंवा त्याहून जास्त असू द्या. ८० वाल्या स्वस्त बल्बखाली आमटीसुद्धा आजारी दिसते.

खिडकीचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. अंधार पडला की काच काळी होते आणि घरातला उजेड सरळ बाहेर जातो. तिथे पांढरा पडदा ओढलात तर तोच उजेड परत खोलीत येतो. स्वीडिश लोक पडदे उघडे ठेवून खिडकीत छोटा दिवा ठेवतात, तेही चालतं, काळी काच तेवढी बोचत नाही. अ‍ॅडव्हेंटला, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, प्रत्येक खिडकीत कागदी चांदणी दिसायला लागेल. आपला आकाशकंदील दिवाळीनंतर काढायची गरज नाही. शेजाऱ्यांना तुम्ही फक्त जरा लवकर सुरुवात केलेली वाटते. आत बल्ब मात्र एलईडीच, कागद आहे तो.

कामाच्या टेबलाचं वेगळं. तिथे दिवसा ४००० केल्विन चालेल, आणि जवळ एक उभा दिवा, १५२१ लुमेनचा किंवा त्याहून मोठा, तोंड छताकडे. पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड स्क्रीनवर चमकत नाही. दुपारी चारनंतर तो मंद करा किंवा बंद करा. मंद करणारं बटण लावणार असाल तर बल्बही तसाच घ्या, नाहीतर तो लुकलुकतो.

खरी लढाई सकाळची आहे. साध्या टायमरच्या प्लगवर बेडरूममधला एक दिवा उठण्याआधी अर्धा तास लागू द्या. हिवाळ्यातल्या उदासीवर वापरतात तो १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे समोर प्रत्यक्ष पोचणाऱ्या उजेडाचं माप) थेरपी दिवा घ्यायचा असेल तर सकाळीच, २० ते ३० मिनिटं, चहा पिताना बाजूला ठेवून. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. तो आकडा किती अंतरावरचा आहे ते खोक्यावर वाचा, कारण अंतर वाढलं की उजेड झपाट्याने घटतो. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मिसेसचं मन आठवडेच्या आठवडे खाली असेल तर दिवे खरेदी करत बसू नका, ११७७ या इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा. या दिव्यांतून ड जीवनसत्त्व मिळत नाही, तो विषय वेगळा. जेवणाच्या सुट्टीत मात्र दोघांनीही बाहेर एक चक्कर माराच. ढगाळ आभाळही बहुतेक वेळा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी उजळ असतं.

विजेची काळजी करू नका. दहा वॅटचे पाच बल्ब रोज दहा तास म्हणजे अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. भारतातून बल्ब मागवू नका. आपल्याकडे बहुतेक पिनांचे असतात, इथले होल्डर आट्यांचे, ई२७ किंवा बारीक ई१४. दिव्यांचे स्टँड नवे घ्यायची गरज नाही, मिरोर्नासारख्या सेकंड हँड दुकानांत स्वस्तात मिळतात. फक्त वायर कडक झालेली किंवा चिरलेली नाही ना, हे वाकवून बघा. छताला दिव्याचं सॉकेट असेल तर त्यात प्लग स्वतः लावता येतो. भिंतीतल्या पक्क्या वायरिंगला मात्र हात लावू नका, त्या कामाला इथे अधिकृत इलेक्ट्रिशियनच लागतो आणि घरमालकालाही विचारावं लागतं.