वाचकांचे प्रश्न: अ‍ॅडव्हाइज करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ऑफिसातल्या आणि रोजच्या वापरातल्या इंग्रजीबद्दल काय अडतं ते कळवा असं म्हटलं होतं, तर बरीचशी पत्रं फिरून फिरून 'अ‍ॅडव्हाइज' या एकाच क्रियापदावर आली. म्हणून या वेळचं पान त्यालाच देऊन टाकतोय. नावं सगळ्यांची गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न: बेदाणा एक्सपोर्ट करणाऱ्या ऑफिसात मी अकाउंट बघतो. दुबईच्या पार्टीचा मेल आला, 'प्लीज अ‍ॅडव्हाइज द स्टेटस ऑफ द शिपमेंट'. आता त्याला आमच्याकडून कसला सल्ला पाहिजे? आणि दुसरं म्हणजे आपल्या बँकेने एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं लेखी वचन) अ‍ॅडव्हाइज केली की पैशाची गॅरंटी झालीच ना? – तासगाव

उत्तर: सल्ला बिल्ला काही नकोय त्याला, माल कुठवर आलाय तेवढं विचारतोय. या क्रियापदाची दोन कामं आहेत, एक सल्ला देणे आणि दुसरं नुसतं कळवणे, आणि व्यापाराच्या पत्रव्यवहारात दुसरंच जास्त चालतं. आपल्याला शाळेत पहिलंच शिकवतात त्यामुळे असा मेल आला की माणूस गोंधळतो. 'कंटेनर अमुक तारखेला न्हावा-शेवाहून निघाला, तमुक तारखेला पोचेल' एवढं लिहा, झालं अ‍ॅडव्हाइज. 'काइंडली अ‍ॅडव्हाइज' असं नुसतंच शेवटी लिहिलेलं असेल तर मात्र वरचा मजकूर परत वाचा, कारण काही लोक त्या दोन शब्दांत प्रश्नच गिळून टाकतात आणि मग त्यांना नक्की काय हवंय ते फोन करूनच विचारावं लागतं. (मला स्वतःला ही सवय अजिबात आवडत नाही. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह देऊन विचारावा की सरळ.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा कारण त्यात पैसे आहेत. गॅरंटी नाही झाली. एल.सी. उघडते खरेदीदाराची बँक, ती बहुतेक वेळा स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशांच्या जाळ्यावरून, आपल्याकडच्या बँकेला येते, आपली बँक ती खरी दिसतेय का हे तपासते आणि आलेला मजकूर जसाच्या तसा तुमच्यापर्यंत पोचवते. याला म्हणतात अ‍ॅडव्हाइज करणं. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी 600 नावाचे नियम 1 जुलै 2007 पासून लागू आहेत, त्यातलं कलम 9 हेच सांगतं की अ‍ॅडव्हायजिंग बँक स्वतः पैसे द्यायची कुठलीही हमी न देता एल.सी. कळवते. पोस्टमनने पत्र आणून दिलं म्हणून पत्रातल्या वचनाला पोस्टमन जामीन राहत नाही, तसंच हे. हमी देणारी पहिली बँक तिकडची, जिने एल.सी. उघडली ती, आणि इकडच्या बँकेचीही हमी पाहिजे असेल तर एल.सी. 'कन्फर्म' करून घ्यावी लागते, त्याचे चार्जेस वेगळे आणि अ‍ॅडव्हायजिंगपेक्षा चांगलेच जास्त असतात. पार्टी नवीन असेल, तिकडची बँक ओळखीची नसेल, तर हा फरक माल जहाजावर चढवायच्या आधी बघा. 'बँकेने अ‍ॅडव्हाइज केलंय' या वाक्यावर निवांत बसू नका.

प्रश्न: मी नववीत आहे. स्पेलिंगमध्ये सी कधी आणि एस कधी? आणि उच्चार सारखाच असतो ना? – सातारा

उत्तर: नाही रे, उच्चार सारखा नाही आणि तीच तर स्पेलिंगची किल्ली आहे. नाम म्हणून येतो तेव्हा सी, शेवटी 'स' ऐकू येतो, 'बस'मधला. क्रियापद म्हणून येतो तेव्हा एस, पण ऐकू येतो 'ज', आणि तोही जिलबीतला नाही, 'आज' आणि 'आवाज'मधला शेवटचा. हे मराठी माणसाला सोपं जायला पाहिजे कारण दोन्ही ज आपल्या तोंडात आधीच आहेत. डिव्हाइस आणि डिव्हाइज ही जोडीही अशीच चालते. प्रॅक्टिसचं मात्र वेगळं, तिथे ब्रिटिश स्पेलिंगमध्ये सी आणि एसचा हाच नियम असतो पण बोलताना फरक नाही. आणि एक, अमेरिकेत रिअलाइज, ऑर्गनाइज वगैरे झेड घालून लिहितात म्हणून इथेही झेड घालायला जाऊ नकोस, अ‍ॅडव्हाइज, रिव्हाइज, सुपरव्हाइज हे तिथेही एसनेच लिहितात.

प्रश्न: आईच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'अ‍ॅडव्ह.' लिहून पुढे सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या लिहिल्यात. खाली 'अ‍ॅडव्हाइज्ड अ‍ॅडमिशन' पण आहे. म्हणजे अ‍ॅडमिट व्हायलाच पाहिजे का? भाऊ म्हणतो सल्ला आहे, ऐच्छिक आहे. – अंबाजोगाई

उत्तर: ताई, भाऊ शब्दाला धरून बरोबर आहे आणि तरीही त्याचं ऐकून घरी बसू नका. 'अ‍ॅडव्ह.' म्हणजे अ‍ॅडव्हाइज्ड, डॉक्टरांनी हे हे करायला सांगितलंय याची नोंद. पेशंट शुद्धीवर असेल, समजत असेल, तर त्याच्या संमतीशिवाय अ‍ॅडमिट करता येत नाही, म्हणून कागदावर 'ऑर्डर' असं न येता 'अ‍ॅडव्हाइज्ड' येतं. पण डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द आपल्या शेजारच्या काकूंच्या 'ओवा खाऊन बघ' सारखा हलका नसतो. नकार दिला तर तेही तिथेच लिहून ठेवतात, आणि ऐन उपचारात पेशंटला घरी न्यायचं म्हटलं तर नातेवाइकांची सही घेऊन डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस देतात, वॉर्डमध्ये ज्याला 'डामा' किंवा 'लामा' म्हणतात तो. अ‍ॅडमिट का करायचंय, नाही केलं तर काय होऊ शकतं, हे डॉक्टरांनाच आज विचारा. ते काम या सदराचं नाही.

जाता जाता व्याकरण. 'डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड टु टेक रेस्ट' हे आपल्याकडे सर्रास चालतं पण चुकतं, कारण कोणाला ते मध्ये यायला हवं, 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टु टेक रेस्ट'. नाहीतर सरळ 'अ‍ॅडव्हाइज्ड रेस्ट'. आणि 'अ‍ॅडव्हाइज्ड टु मी' तर नकोच, तो आपल्या 'मला'मधला 'ला' आहे जो इंग्रजीत शिरलाय.

प्रश्न: सरकारी नोकरीत आहे. एका फाइलला उशीर झाला म्हणून मेमो आला, 'यू आर अ‍ॅडव्हाइज्ड टु बी मोर केअरफुल इन फ्यूचर'. सहकारी म्हणतात काही नाही हो, सल्लाच दिलाय. खरंच काही नाही? – वर्धा

उत्तर: अगदीच काही नाही असं नाही आणि शिक्षाही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये शिक्षांची यादी ठपक्यापासून सुरू होते, त्यात 'अ‍ॅडव्हाइज' कुठेच नाही. पण वरिष्ठांनी लेखी अ‍ॅडव्हाइज केलं की ती समज असते, कानउघाडणी असते, फक्त कोट-टाय घालून आलेली. वकिलांच्या नोटिशीत 'यू वुड बी वेल अ‍ॅडव्हाइज्ड टु' असं येतं तेव्हाही असंच, वाक्य गोड आणि आत धमकी. तेव्हा उशिराचं कारण खरंच तुमच्या हातात नसेल तर दोन ओळींचा खुलासा देऊन ठेवा, मेमो एकटा फाइलला लागलेला बरा दिसत नाही. आणि याच कारणासाठी तुम्ही स्वतः साहेबांना 'आय अ‍ॅडव्हाइज यू' असं लिहू नका, खालून वर जाताना हा शब्द उद्धट वाटतो, तिथे 'सजेस्ट' बरा.

प्रश्न: एमपीएससीचा अभ्यास करतोय. राज्यघटनेत मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना 'एड अँड अ‍ॅडव्हाइज' करतं असं आहे. सल्ला असेल तर तो नाकारता यायला पाहिजे, मग बंधनकारक कसा? – सदाशिव पेठ, पुणे

उत्तर: या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. कलम 74 (1) उघडून बघा, एकाच वाक्यात दोन्ही रूपं आहेत, आधी क्रियापद आणि शेवटी नाम, 'सच अ‍ॅडव्हाइस'. त्या नामाच्या आधी जे शब्द आहेत की राष्ट्रपती अशा सल्ल्यानुसारच वागतील, ते मुळात नव्हते, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने घातले. त्याआधी सगळं संसदीय प्रथेवर आणि कोर्टाच्या निकालांवर चाललेलं, म्हणजे इंग्लंडच्या राजासारखं, राजाला मंत्री 'सल्ला' देतात आणि राजा तो ऐकतो, न ऐकण्याची सोय नसते. मग 1978 मध्ये 44 व्या दुरुस्तीने एक फट ठेवली, राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतात, पण पुन्हा तोच आला तर मानावाच लागतो. ही फट नुसती कागदावर नाही, 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली.

राज्यपालांचं कलम 163, तिथेही 'एड अँड अ‍ॅडव्हाइज' आहे पण 'सल्ल्यानुसारच वागतील' हे शब्द नाहीत, उलट स्वेच्छाधिकाराचा अपवाद लिहिलाय, आणि परीक्षेत घोळ इथेच घालतात. 1974 च्या शमशेर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे मोजके अपवाद सोडले तर राज्यपालही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतील. आणि कलम 143 शी गल्लत करू नका, तिथे राष्ट्रपती सुप्रीम कोर्टाचं मत मागवतात, ते मत राष्ट्रपतींवर बंधनकारक नसतं. म्हणजे सल्ला कोण कोणाला देतंय यावर त्याचं वजन ठरतं, डिक्शनरी बघून नाही.

प्रश्न: 'सजेस्ट मी अ गुड हॉटेल' चूक का? आणि 'ही गेव्ह मी मेनी अ‍ॅडव्हाइसेस'? – ठाणे

उत्तर: दोन्ही चूक आणि दोन्हींचा उगम मराठीत. 'मला सुचवा' वरून 'सजेस्ट मी' येतं, पण सजेस्टच्या लगेच पुढे माणूस बसत नाही, 'सजेस्ट अ गुड हॉटेल' एवढंच पुरे. अ‍ॅडव्हाइजच्या पुढे माणूस बसतो पण हॉटेल बसत नाही, त्यामुळे 'अ‍ॅडव्हाइज मी अ हॉटेल' पण नको. तसंच आपल्याकडे एक सल्ला, चार सल्ले असं मोजता येतं, इंग्रजीत हे नाम पाण्यासारखं न मोजता येणारं, मोजायचंच असेल तर 'पीस ऑफ' लावा. अनेकवचन एकाच ठिकाणी बरोबर असतं, बँकेच्या आणि व्यापाराच्या कागदांत, डेबिट अ‍ॅडव्हाइस, क्रेडिट अ‍ॅडव्हाइस, कारण तिथे तो सल्ला नसून कळवल्याचा कागद असतो आणि कागद मोजता येतात. जुन्या इंग्रजी पेपरांत परगावची बातमी पण 'अ‍ॅडव्हाइसेस' म्हणूनच छापायचे.

प्रश्न: अ‍ॅडव्हायजरच्या शेवटी ई-आर की ओ-आर? व्हिजिटिंग कार्ड छापायचंय. – नाशिक

उत्तर: दोन्ही चालतात, पण गुंतवणुकीचं काम असेल तर ई-आर घ्या, सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2013 च्या इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायजर्सच्या नियमांत तेच आहे. मात्र त्याच नियमांप्रमाणे सेबीकडे नोंदणी झालेली नसेल तर कार्डावर तो शब्दच छापू नका. अ‍ॅडव्हायजरी लिहिताना ओच, तिथे ई चालत नाही.