तिसऱ्या प्रवेशाबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं नाटक दोनदा वाचलं. स्फोट, गोळीबार, तिसऱ्या प्रवेशातला छळ सगळं रंगमंचावरच घडतं, तरी मला भीती वाटली नाही. पडदा पडल्यावर मेलेला नट उठून नमस्कार करणार, हे प्रेक्षक जाणून असतो.

जर्मन नाटककार ब्रेख्तचा 'हेर' हा प्रवेश मिळवून वाच. १९३३ मध्ये जर्मनी सोडलेल्या या माणसाने डेन्मार्कमध्ये राहून, तिकडून आलेल्या हकिगती आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या यांवरून नाझी राजवटीतलं रोजचं जगणं लिहिलं. एक शिक्षक घरात सरकारबद्दल काहीबाही बोलून जातो. थोड्या वेळाने लक्षात येतं, मुलगा घरात नाही. चुगली करायला गेला असेल? नवराबायको आपलेच शब्द आठवून आठवून तपासतात. हिटलरचं चित्र टेबलाच्या वर भिंतीवर लावू का, बायको विचारते. आणि मुद्दाम हलवलं असं मुलाने सांगितलं तर? मुलगा परततो, हातात चॉकलेटची पुडी. खरं सांगतोय का हा? आईबापांना शेवटपर्यंत कळत नाही. एक थप्पडही नाही, पण घर उद्ध्वस्त झालेलं असतं.

नाटककार एरियल डॉर्फमनलाही १९७३ च्या लष्करी बंडानंतर चिली सोडावी लागली. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाला फक्त मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची प्रकरणं पाहायची होती. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांचं काय? 'डेथ अँड द मेडन' (१९९१) याच फटीत उभं आहे. छळ सोसलेल्या पाउलिनाच्या डोळ्यांवर तेव्हा पट्टी होती, म्हणून आपल्याला छळणारा डॉक्टर हाच, हे ती आवाजावरून ओळखते. डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा तिच्याकडे नाही. तो खरंच दोषी आहे का, याचा निकाल नाटक देत नाही. तुझ्या देशातली अशी फट कुठली?

तुझ्या नाटकातला बॉम्ब ठेवणारा मुलगा नुसत्या घोषणा बोलतो. त्याची बाजू आम्हाला पटायला नको, पण त्याने कुठल्या दिवशी ठरवलं, हे तुला ठाऊक हवं.

आणखी एक, आणि हे मनावर घे. तूही देश सोडून आलास; मागे राहिलेले लोक विचारतील, तेव्हा तू कुठे होतास? रागावू नकोस, तो त्यांचा हक्क आहे. ज्यांनी तुला हकिगती सांगितल्या त्यांची नावं, पेशा, गल्ली, सगळं बदल. ते अजून तिथेच राहतात.

तिसरा प्रवेश पुन्हा लिही. छळ पलीकडच्या खोलीत ने, इकडे चहा करणाऱ्या पहारेकऱ्याला ठेव. झाला की पाठव.

तुझा,
सर