धातू बसवलेलं एन्झाइम जिवाणूच्या आतल्या पडद्यापलीकडे अख्खंच्या अख्खं कसं जातं?

उदाहरण गोव्याच्या बाजारातलंच घ्या. शिळ्या बांगड्याला येणारा वास टीएमएचा (ट्रायमिथाइलअमीन). मासळीतल्या टीएमएओपासून (ट्रायमिथाइलअमीन एन-ऑक्साइड) जिवाणू तो बनवतात, ई. कोलायमध्ये हे काम करतं टॉरए, सुमारे ९० किलोडाल्टनचं मोलिब्डेनमवालं एन्झाइम. त्याची जागा पेरिप्लाझममध्ये, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पडद्यांमधल्या पोकळीत, पण मोलिब्डेनम कोफॅक्टर (एन्झाइमला कामासाठी लागणारा धातूचा जोडभाग) बनतो सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या आत. म्हणून आधी जुळणी, मग प्रवास. सेक हा प्रथिनं पडद्यापलीकडे नेणारा नेहमीचा मार्ग इथे बाद, कारण त्यातून प्रथिन उलगडलेलंच जातं, सुईत दोरा ओवावा तसं. इथे लागतो टॅट मार्ग, घडी पडलेलं प्रथिन तसंच नेणारा.

टॉरएच्या टोकाला ३९ अमिनो आम्लांचा सिग्नल असतो, त्यात शेजारीशेजारी दोन आर्जिनिन. टॉरडी हा चॅपरोन (मदतनीस प्रथिन) सिग्नल धरून ठेवतो आणि कोफॅक्टर बसायला मदत करतो. मग टॅट मार्गातली टॅटबी-टॅटसी ही प्रथिनं सिग्नल ओळखतात, टॅटएचे अनेक रेणू जमून वाट करून देतात. ऊर्जा प्रोटॉन ग्रेडियंटची (पडद्याच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधल्या फरकाची), एटीपी या पेशीतल्या इंधनाची नव्हे. पलीकडे सिग्नल कापला जातो.

प्रयोगात पेरिप्लाझममध्ये एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मिळत नसेल तर सायटोप्लाझमही तपासा. तिथे सापडली तर टॅट किंवा सिग्नलमध्ये बिघाड. दोन्ही आर्जिनिनच्या जागी लायसिन घातलं की वाहतूक थांबते. प्लाझमिडवरून (पेशीत घातलेल्या जादा डीएनएच्या कड्यावरून) भरमसाट प्रथिन बनवलं तरी टॅट तुंबतं, हे बरेच जण विसरतात. दोन्हीकडे शून्य? मग संशय कोफॅक्टरवर.