विलीनीकरणात अनुदानापेक्षा आधी जागेचा कागद सांभाळा

तीन नगरपालिका एकत्र होणार आहेत, तर जुन्या सामुदायिक आराखड्याचं (म्हणजे परिसरातल्या सेवा कशा सुधारायच्या, याच्या सगळ्यांनी मिळून केलेल्या योजनेचं) काय होणार आणि छोट्या स्वयंसेवी संस्थांनी आता काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी अशी दोन विलीनीकरणं संस्थेच्या बाजूने काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांना धास्ती असते अनुदानाची. आमच्याकडे दोन्ही वेळा ते पहिलं वर्ष जसंच्या तसं चालू राहिलं; नव्या प्रशासनाला सुरुवातीलाच ओरड नको होती. खरा फटका बसला तो तुमचं काम ओळखणारा अधिकारी बदलला तेव्हा. ज्याने आमचं केंद्र दहा वेळा येऊन पाहिलं होतं, त्याच्या जागी आलेल्याला आम्ही म्हणजे यादीतली एक ओळ. मग तिन्हीकडचे नियम 'एकसारखे' करायला घेतले, आणि ते झाले मोठ्या संस्थांना झेपतील असे: ऑडिट, विमा, किमान उलाढाल. पहिल्या खेपेला आम्ही तिथेच गळालो. काम होतं, कागद नव्हते.

दुसरी गोष्ट जागेची. जुन्या नगरपालिकेची मालमत्ता नव्या नगरपालिकेकडे जाते, पण 'वापरा हो, कोण विचारतंय' ही तोंडी परवानगी जात नाही. ती आजच लेखी करून घ्या. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल.

आता आराखडा. उत्तर आयर्लंडमध्ये १ एप्रिल २०१५ ला २६ कौन्सिलांच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या) ११ झाल्या. २०१४ च्या कायद्याने सामुदायिक नियोजनाची जबाबदारी या नव्या कौन्सिलांवर टाकली. आरोग्य, पोलीस, शिक्षण, गृहनिर्माण या यंत्रणांना त्यात भागीदार होणं बंधनकारक केलं. स्वयंसेवी संस्था त्या बंधनकारक यादीत नाहीत. लोकांना सहभागी करून घ्या असं कायदा म्हणतो, पण बैठकीत खुर्ची मिळेलच असं नाही. शिवाय शहरी पुनरुज्जीवनाचे अधिकार कौन्सिलांकडे द्यायचं ठरलं होतं, ते दिलेच गेले नाहीत. आराखडा एकाचा आणि वस्तीसुधारणेची तिजोरी दुसऱ्याची! तुमच्याकडे कोणते अधिकार खरोखर हस्तांतरित होताहेत, ते आधी तपासा.

याउलट केरळचं. १९९६ मध्ये राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरलं आणि मग ग्रामसभांमधून नियोजन सुरू झालं. ठरवायला पैसा असला की लोक बैठकीला येतात, एवढं साधं आहे ते. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या, पण नगरपालिका मोठी झाली म्हणजे नियोजन सुधारलं, हा हिशोब मला पटत नाही.

स्कॉटलंडच्या २०१५ च्या कायद्यातली एक तरतूद मात्र उचलण्यासारखी आहे. एखाद्या सेवेत सुधारणा करण्यासाठी स्थानिक गट सहभागाची लेखी विनंती करू शकतो, आणि नाकारायची तर यंत्रणेला कारण द्यावं लागतं. तुमच्याकडे असा कायदा नसेल, तरी पत्र त्याच थाटात लिहा: कोणती सेवा, तुम्हाला त्यातलं काय माहीत आहे, काय बदलेल. आणि तिन्ही गावांतल्या संस्थांच्या सह्यांचं एकच पत्र द्या. वेगवेगळी दिलीत तर कोणाला बोलवायचं ते नवं प्रशासनच ठरवेल.

विलीनीकरण होईपर्यंत कारभार बघणारी हंगामी समिती नेमली गेली आहे का आणि तिची मुदत किती, ते कळवा. पत्राचा मसुदा बघून देतो.